आखूड पडलेलं जांभळं कापड

ती. ताईंना,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण माझी कंबर धरली आहे आणि जो घालता येत नाही तो लिहू नये असं वाटतं, तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? सूनबाई गोळ्या वेळेवर देते ना, की तुम्ही त्या अजून उशीखाली लपवता? मी बरी आहे. (बरी म्हणजे जेवते, झोपते आणि दुकान उघडते. याहून जास्त बरं कशाला म्हणतात ते मला आठवत नाही.) तुमचा भाऊ गेल्यापासून मी चर्चची पायरी चढले नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहे. देव नाही असं मी कधी म्हटलं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, लग्नातल्या मानपानावरून एखाद्या व्याह्याशी टाकतात तसं. तो त्याच्या घरी, मी माझ्या घरी. तो अबोला कसा मोडला ते सांगायला बसले आहे. त्यात माझी शोभा फारशी नाही, आणि धंद्याची तर मुळीच नाही.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला त्याच आठवड्यात फादर दुकानात आले. मला वाटलं, हरवलेलं मेंढरू शोधत आले, म्हणून मी मनात चार सडेतोड उत्तरं जुळवून ठेवली. पण ते आले होते उंदरांची तक्रार घेऊन. प्रभूच्या दुःखसहनाच्या दिवसांत क्रूस आणि पुतळे ज्या जांभळ्या कापडांनी झाकतात, ती सगळी कपाटात कुरतडली गेली होती, आणि गावात पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणारी मी एकटी. माझी चारही उत्तरं वाया गेली. (एवढी तयारी करून कुणी आपल्याला वाचवायला आलेलंच नाही, याचा जरा रागही आला. हा राग प्रामाणिक होता की नुसता मान दुखावल्याचा, हे मी डायरीत दोनदा तपासलं, निकाल लागला नाही.) मी धंदेवाईक आवाजात विचारलं, चेन हवी की नाडी. फादर गंभीरपणे म्हणाले की संतांना काय सोयीचं पडेल ते तुम्हीच ठरवा.

मग मापं घ्यायला गेले. गिऱ्हाइकाच्या घरी जातात तशी, गळ्यात टेप अडकवून, उंबरठ्यावर नमस्कार न करता. चर्चची देखभाल करणारे किल्लीकाका शिडी धरायला होते. संत योसेफाचं माप सोपं निघालं, माणूस आटोपशीर उभा आहे. पवित्र मातेचे हात पसरलेले, तिथे कापड जास्त जाणार. एका संताचं बोट वर आहे, त्याला टोपीसारखी खोच द्यावी लागली. इथवर मी सोफेच मोजत होते म्हणा. शेवटी वेदीमागचा मोठा क्रूस, त्यावरच्या प्रभूसकट. डोक्यापासून टेप सोडली, हातांची लांबी घेतली, गुडघ्यांपर्यंत आले आणि तिथे माझी नजर खाली जाईना. किल्लीकाका खालून म्हणाले, "बाई, पाय राहिले." मी म्हटलं, "कळतं मला," आणि अंदाजानेच आकडा टिपून उतरले. बावीस वर्षांच्या धंद्यात मी अंदाजाने कात्री चालवलेली नाही.

पाय का पाहवले नाहीत, हे जगात फक्त तुम्हालाच सांगायला नको. इस्पितळातली ती चादर. तुमचा भाऊ उंच आणि चादर आखूड. तुम्ही ती त्याच्या तोंडावर ओढत होतात, मी पायांवर. तोंड झाकलं की पाय उघडे, पाय झाकले की तोंड. दोघीही एक शब्द न बोलता नुसती ओढाओढ. शेवटी नर्स म्हणाली दुसरी आणते, आणि धावत जाऊन आणली तीही त्याच मापाची. त्यावर तुम्ही हसलात की हुंदका दिलात, मला कळलं नाही. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही, आणि तेव्हापासून आपण फोनवर फक्त गुडघ्यांबद्दल बोलतो.

तर व्हायचं तेच झालं. रविवारी मिस्साच्या, म्हणजे सकाळच्या उपासनेच्या, आधी घाईघाईत कव्हरं चढवली. बाकी सगळं झकास, संताचं बोटसुद्धा. पण मोठ्या क्रूसावरचं कापड घोट्यांच्या वरच संपलं. सगळा प्रभू झाकलेला आणि खिळे मारलेले दोन पाय बाहेर. मी मागच्या बाकावर बसले होते (फक्त काम कसं दिसतं ते पाहायला), तिथेच गोठले. कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी शेजारणीला सांगितलं की मोठ्या चर्चमधून आलेली ही नवी पद्धत आहे. मिस्सा संपल्यावर लोक रांगेने जाऊन त्या पायांना हात लावू लागले, जणू मी त्यांच्यासाठीच ते बाहेर ठेवले होते. मला खोटं श्रेय पचत नाही. मी फादरना गाठून सांगितलं की ही पद्धत नाही, चूक आहे, दुपारी पट्टी जोडून देते.

दुपारी गेले. चर्च रिकामं होतं. स्टुलावर उभी राहिले, तोंडात टाचण्या, आणि कापड नीट बसवायला ते खाली ओढलं. ओढल्याबरोबर हात थांबले. हीच ओढ, हेच पाय. तोल जाऊ नये म्हणून मी ते धरले, आणि ताई, ते ऊबदार होते. (पश्चिमेच्या खिडकीतून त्यावर ऊन येतं, हे मी स्वतः तपासलं आहे. चमत्कार म्हणून मला काही खपवायचं नाही.) पण तुमच्या भावाचे पाय मी किती चोळले होते, तुम्ही पाहिलं आहे. टाचण्या काढून मी म्हटलं, "फार गार होते हो त्याचे पाय." इतक्या दिवसांनी देवाशी बोलायला निघाले आणि हे एवढंच वाक्य निघालं. प्रार्थना शिकवणाऱ्या पुस्तकात ते बसणार नाही. उत्तरही आलं नाही. पण कुणीतरी ऐकून घेतंय आणि मध्ये बोलत नाही, असं वाटलं. मग मी पुष्कळ रडले. स्टूल डुगडुगत होतं, त्यामुळे रडणंही बेतानेच करावं लागलं.

खाली उतरले तर फादर पापनिवेदनाच्या खोलीबाहेर उभे. मी आत गेले आणि माझ्या सवयीने आधी शंका काढल्या: राग अजून गेलेला नाही, म्हणजे पश्चात्ताप पुरा नाही, म्हणजे ही कबुली धरायची की नाही. फादरनी बराच वेळ ऐकलं, मग म्हणाले, "रागासकट या. पण या."

पट्टी जोडलीच नाही. फादर म्हणाले राहू दे, धरायला काहीतरी लागतं माणसांना.

सर्वांना आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याला जे लागू पडेल ते.

तुमची,
भावजय

ता. क. शुभ शुक्रवारी दुपारी क्रूसावरचं कापड उतरवायचं आहे. किल्लीकाका शिडी धरतील, पण कापड भारी आहे, दुसरं टोक धरायला माणूस हवा.

ता. क. २. गुडघ्यांमुळे आपलं चर्चला जाणं सुटलं असं तुम्ही सगळ्यांना सांगता. तेच गुडघे रोज कपडे वाळत घालायला तीन मजले चढून गच्चीवर जातात, असं सूनबाई म्हणाली. तिला रागावू नका, मीच खोदून विचारलं. तुम्ही कधीपासून जात नाही, तेही विचारलं. माझ्याइतक्याच दिवसांपासून.

ता. क. ३. तेव्हा याच. एक टोक तुम्ही धरा, एक मी धरते. या वेळी झाकायचं नाही, उघडायचं आहे. ओढाओढ होणार नाही.