सोफ्याला उजेड लागतो

चिटगुप्पा,
३ फेब्रुवारी २०२५

ति. महानंदाअक्कास, धाकट्या बिराप्पाचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, म्हणून पत्र. दाजींना जाऊन वर्ष झालं. परवा तू न्हाणीत पडलीस, तेही शेजारणीकडून कळलं. आता हट्ट पुरे, इकडेच राहायला ये. सहा वर्षं अर्धवट पडलेलं तळघर तुझ्यासाठी खोली करून घेतोय. ओल बंद केली, शहाबादी फरशी बसली, दोन ट्यूबलाइट लावल्या. उन्हाळ्यात गार, वरचा गलका नाही, पाहुण्यांची कटकट नाही. फक्त अकरा पायऱ्या.

तुझ्या भावजयीचा, भाग्यलक्ष्मीचा नमस्कार. लोभ आहेच, त्यात टोमणे थोडे कमी घाल.

बिराप्पा

ठाणाकुशनूर,
११ फेब्रुवारी

चि. बिराप्पास अनेक आशीर्वाद.

वाचून डोळे भरून आले. बहिणीला जमिनीखाली ठेवायला लोक निदान तिच्या मरणाची वाट बघतात; तुला तेवढाही धीर नाही. माझ्या गुडघ्यांना अकरा पायऱ्या म्हणजे उत्तम सोय. एकदा उतरले की वर येऊन कुणाला त्रास नको. पुढच्या खोलीचं मी विचारतच नाही. तिथं तुमचा सोफा राहतो, त्याला उजेड लागतो. सहा वर्षांत त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. मी आपली इथंच बरी.

भाग्यलक्ष्मीला आशीर्वाद, सोफ्याला नमस्कार.

महानंदा

चिटगुप्पा,
२० फेब्रुवारी

ति. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी गवंडी मल्लिकार्जुनसमोर मोठ्यानं वाचलं, ही चूक झाली. थापी खाली ठेवून तो म्हणाला, अण्णा, अक्काला तळाला कामून ठिवायलाव, वर जागा न्हाई का. मला लाज वाटली. सोफा तळघरात उतरवला. वळणावर त्याचा एक पाय मोडला. भाग्यलक्ष्मी दिवसातून दोनदा त्याला बघून येते.

पुढच्या खोलीत खिडकीखाली अप्पांची घोंगडी अंथरली आहे. तिच्यावर घरातलं थोरलं माणूस बसतं. अप्पांनंतर ते तूच आहेस, हे मी विसरलो होतो.

टोमणे चालू असू दे, घरात तेवढे लागतात.

बिराप्पा

ठाणाकुशनूर,
२६ फेब्रुवारी

चि. बिराप्पास आशीर्वाद.

सोफ्याला सांग, मनाला लावून घेऊ नको. उन्हाळ्यात गार, वरचा गलका नाही, पाहुण्यांची कटकट नाही.

त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मी न्हाणीतच पडून होते. फार भ्याले. हाका तुझ्याच नावानं मारल्या, तू चिटगुप्प्याला आहेस हे माहीत असून. फोनवर हे सांगवत नव्हतं, म्हणून भांडत होते.

येत्या मंगळवारी गाडी पाठव. घोंगडी आधी उन्हात झटकून ठेव.

महानंदा