विहाची साधी सर्दी

३ सप्टेंबर, सकाळ
विहा घरी आली. पाच आठवड्यांची. सून हेतल बाळंतपणाला जामनगरला होती. तिथली हवा बरी नाही. आता भावनगर, आणि मी. चाळीस वर्षं कंपाउंडर होतो. नातीला डॉक्टरचं तोंड बघावं लागणार नाही. नक्की.

४ सप्टेंबर
नाक वाहतंय. माझं. धुळीची ॲलर्जी. हेतल म्हणाली, पप्पा, तिला घेताना तुम्ही मास्क लावा ना. हल्लीच्या मुली मोबाइल वाचून घाबरतात.

६ सप्टेंबर
खोकला. ॲलर्जीचाच. मंजुला म्हणाली, आजोबा झालात, आता तरी बायकोचं ऐका, लांब बसा. ठरवलं, दोन दिवस विहाला घ्यायचं नाही.
संध्याकाळी घेतलं. दहाच मिनिटं. बोटांचे पापे घेतले. तीच बोटं ती तोंडात घालते. लबाड.

९ सप्टेंबर
विहा शिंकतेय. साधी सर्दी. हेतलला दवाखान्यात जायचं होतं. म्हटलं, दिकरी, बेटा, अशी हजार पोरं बरी केलीत मी. तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडीनं छाती शेकली. झोपली. मुलाला, केतनला, फोनवर सांगितलं, उद्या खेळेल.

१० सप्टेंबर, दुपार
दूध ओढत नाही. दोन घोट, की धाप. बरगड्यांखाली खड्डा पडतोय. नाजूक मुलांना पडतो.
हेतलनं मला विचारलं नाही. विहाला उचललं आणि अनवाणीच रिक्षात बसली.

११ सप्टेंबर
ऑक्सिजन लावलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आरएसव्ही. मोठ्यांना बहुधा नुसती सर्दी होते, तान्ह्यांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या चोंदतात. मी अँटिबायोटिक सुचवलं. म्हणाल्या, काका, हा विषाणू आहे, त्यावर ते चालत नाही. घरात कोणाला सर्दी होती?
म्हटलं, ॲलर्जी होती. मंजुला खिडकीबाहेर बघत राहिली.

१२ सप्टेंबर
श्वासाच्या मशीनवर ठेवलंय. केतन रात्री पोचला. बहुतेक मुलं बरी होतात, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. लिहून ठेवतो. बहुतेक.

१४ सप्टेंबर
विहा सकाळी गेली. केतनच्या दोन हातांत मावली.

१८ सप्टेंबर
केतननं डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, कोणाकडून आलं? त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही.
मला येतं.
दुपारी हेतल दारात उभी राहिली. छातीवर ओला पंचा. म्हणाली, पप्पा, दूध थांबत नाहीये. त्याची गोळी असते ना? तुम्हाला माहीत असेल.
कितीजणींना पुडीत बांधून दिली असेल. नाव आठवेना.
माहीत नाही, म्हणालो.
तिनं मान हलवली आणि आत जाऊन दार लोटलं.