खिडकीच्या फटीतल्या चिंध्या

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. दाजींची पाठ आता कशी आहे? त्यांना म्हणावं, पोती उचलायचं वय गेलं, आता नुसता हुकूम सोडा. आम्ही दोघं बरे आहोत.

तुझं पार्सल पोचलं. पिवळा स्वेटर इतका चिमुकला, की ह्यांनी तो मुठीत धरला आणि म्हणाले, "यात माझं नाकसुद्धा मावायचं नाही." खूप हसलो. मग ते बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

बबडीची परीक्षा झाली की तिला इकडे पाठवतेस म्हणे. बाळंतपणात माझ्या हाताशी राहील आणि नंतर माझ्याच टेबलावर कामाला लागेल. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी कारखान्याचं ऐक.

आम्ही बुटांना तळ चिकटवतो. त्याचं सोल्यूशन उघड्या डब्यात असतं, वास थेट डोक्यात जातो. पंखा लावला तर ते वेळेआधी सुकतं. खिडकी उघडली तर ओल्या थरावर धूळ बसते आणि जोडी आमच्याच माथी परत येते. म्हणून फटींत चिंध्या आम्ही बायकांनीच कोंबल्या. कुणी सांगितलं नव्हतं. घरून जुने कपडे आणून, नीट घड्या करून! मालकाला पहारेकरी ठेवायचीसुद्धा गरज पडली नाही.

कुणाची पाळी चुकली की टेबलावर थट्टा ठरलेली. लग्न झालेली असेल तर "काय गं, तोंड गोड कधी?" नसेल तर "नशीबवान हो, संडासाची रांग वाचली!" एकीची महिनोन्‌महिने येत नाही, दुसरीची थांबत नाही. आम्ही त्याला थकवा म्हटलं, काळजी म्हटलं, वय म्हटलं. हवा कुणीच म्हटलं नाही.

माझी चुकली, तेव्हा त्या थट्टेच्या भरातच मी तुला पत्र टाकलं. डॉक्टरकडे नंतर गेले.

ताई, बाळ नाही. नव्हतंच.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. म्हणाल्या, पाळी चालवणारे हार्मोन कोलमडलेत, चौतिसाव्या वर्षी अंडाशय पन्नाशीच्या बाईसारखं झालंय. "मग पुढे कधी...?" मी विचारलं. त्या चष्मा पुसत राहिल्या. नंतर काम काय करता ते विचारलं. "अशा वाफांनी होऊ शकतं हे. पण तुमचं त्यानंच झालं, असं मी लिहून नाही देऊ शकत."

लिहून देता येत नाही! अख्ख्या टेबलाची शरीरं साक्ष देताहेत, आणि मालकाला कागद हवा! बुटावरचा धुळीचा कण त्याला लांबून दिसतो. जोडी बिघडली तर परत येते. बाई बिघडली तर तिनं कुठे परत जायचं?

युनियनच्या गेटवरच्या सभेत माझा आवाज रस्त्यापलीकडे जातो. ह्यांना हे सांगताना मात्र नुसते ओठ हलले.

काल जेवणाच्या सुट्टीत मी पहिली चिंधी ओढून काढली. आमच्यातली सगळ्यांत जुनी, आक्का, ओरडली, "अगं बये, जोड्या परत येतील!"

"येऊ देत."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. स्टूल ओढत दुसऱ्या खिडकीशी गेली. सुट्टी संपल्यावर सुपरवायझरनं सगळ्या खिडक्या बंद करायला लावल्या. उद्या पुन्हा उघडू. कामावरून काढलं तर गेटवर उभी राहून बोलेन, पण बोलेन.

बबडीला पाठवू नकोस. ती रुसेल, दाजी चिडतील, मावशीला भाची जड झाली म्हणतील. म्हणू देत. माझ्या टेबलावर तिला जागा नाही.

स्वेटर मात्र परत करत नाही. तिच्या लेकरासाठी जपून ठेवते.

तुझ्या बबडीची,
मावशीच राहिलेली,
धाकटी