बाईंची तारीख

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग घालायला माझे गुडघे सध्या राजी नाहीत, म्हणून उभ्यानेच नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला गेला, की अजून तुमच्याबरोबर जेवायला बसतो? हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण तू नेमकी महत्त्वाच्या जागी हसतेस, आणि एकदा हसलीस की तुझ्यातली नर्स तासभर परत येत नाही. म्हणून पत्र.

तर, मी शाळेत खेळ शिकवते आहे. (हसून घे, मी थांबते.) आमच्या खेळाच्या बाई ‘व्यायाम करताना घ्यायची काळजी’ हा तक्ता भिंतीवर लावताना स्टुलावरून पडल्या आणि घोटा मोडून घेतला. मुख्याध्यापिकांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचे चेहरे न्याहाळले आणि शिट्टी माझ्या गळ्यात घातली. कारण काय, तर माझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवून मिळालेली ही पहिली जाहीर दाद.

पहिल्याच तासाला कळलं की मैदानावरची सगळ्यात लोकप्रिय जागा म्हणजे पाण्याच्या टाकीखालचा बाक. चौघींचा बाक आणि त्यावर सात जणी. का बसलात म्हटलं की एका सुरात, “बाई, पाळी.” पाळी आली की बाक, हा तिथला जुनाच नियम. एकीला तर ती त्या महिन्यात तिसऱ्यांदा आली होती, आणि तिन्ही वेळा खेळाच्या तासालाच. मला रागवायला तोंड नव्हतं. आपल्या घरी त्या दिवसांत तू पांघरूण ओढून पडायचीस आणि तुझ्या वाटची भांडी मी घासायचे (तक्रार नाही, नोंद आहे). तीच तू आता बायकांना “उठा, जरा चाला” म्हणतेस, म्हणून मी तुला मागे कारण न सांगता फोन केला. तू म्हणालीस, सोसवेल इतकंच दुखत असेल तर खुशाल चालू दे, अंग सैल करू दे, वाटलं तर पळू दे. काही जणींचं दुखणं उलट हलकं होतं. चक्कर आली की बसवायचं. आणि तासातासाला पॅड बदलावा लागत असेल, तर मैदान नाही, डॉक्टर.

मी हे शब्दशः बाकाला ऐकवलं. बाकावर नववीतली एक आहे, पाय असे लांब की सगळ्या तिला शिडी म्हणतात. रिले शर्यतीत शेवटचा टप्पा तिचा. गेल्या वर्षी पळताना तिचा पॅड सरकला, कपड्यांवर डाग पडला, आणि कुंपणापलीकडून कुणीतरी हसलं. तेव्हापासून त्या दिवसांत ती बाकावरून हलत नाही, आणि यंदाची शर्यत नेमकी तिच्या पहिल्या दिवशी येत होती. ती शांतपणे म्हणाली, “बाई, तुम्ही पळता त्या दिवसांत?”

“मी कुठल्याच दिवसांत पळत नाही गं.”

“मग तुम्हाला काय माहीत?”

न्यायशास्त्र शिकलेल्या बाईला नववीतल्या मुलीने प्रमाण मागावं! तुझा फोन हे झालं शब्दप्रमाण. तिला हवं होतं प्रत्यक्ष. मी सगळ्यांसमोर शब्द देऊन बसले, की माझी आली की मी मैदानाला फेऱ्या मारीन, आणि माझं झाल्यावर शिडी पळेल.

बूट घेतले. गडद रंगाची पँट घेतली (तिच्यात मी कशी दिसते हे विचारू नकोस, शिपाई दोन दिवस माझ्याशी अदबीने वागला). रंगीत तालीम म्हणून नुसता पॅड लावून रोज सकाळी चालले आणि एक शोध लागला: दोष पॅडचा नसतोच, आतल्या सैल कपड्याचा असतो. अंगाला नीट बसणारं घातलं, निघण्याआधी नवा लावला, की काही हलत नाही. मुलींनी हे वहीत लिहून घेतलं. संस्कृतचं कधी घेत नाहीत. मग नवा नियम केला: आधी एक फेरी चालायची, मग हवं तर बसायचं, आणि बसलेलीला कोणी काही विचारायचं नाही. शिडी सोडली तर बाकावर दोघीच उरल्या. एकीचा चेहरा खरोखरच पांढरा पडायचा; तिला फेरीही माफ केली, तिच्या आईला बोलावलं, आता उपचार चालू आहेत. दुसरी नुसतीच आळशी आहे, तिच्यावर उपचार नाही.

फक्त माझीच येईना! तारीख उलटली. वर्गात शब्द चालवून घेताना सगळा वर्ग भुवया उंचावून विचारायचा, मी मानेनेच नाही म्हणायचे. शेवटी कारकून म्हणाले, “बाई, मानेचं कुणाला तरी दाखवा.”

असा शर्यतीचा दिवस उजाडला. शिडी पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून टाकीखाली बसलेली. “माझी आली, बाई. तुमची?” मी सांगितलं, आली. तिने माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि पिशवी बाकावर ठेवली. “मग चला.” दोघींनी दोन फेऱ्या मारल्या, पहिली रमतगमत, दुसरी जरा झपाझप. ती म्हणाली, कंबर मोकळी झाल्यासारखी वाटतेय. मी म्हटलं, मलाही. (हे खरं होतं.)

ती पळाली, ताई. मागे वळून कपडे न बघता पळाली. आमचा संघ चार संघांत तिसरा आला. पाणी पिऊन धापा टाकत पहिलं काय विचारलं, तर “बाई, तुमचं पोट?” मी घाईघाईने पोट धरलं, बहुधा जरा वरच्या बाजूला.

भावजींना नमस्कार, खोकल्याला रजा.

तुझी,
धाकटी (भांडी घासणारी)

ता. क. ‘मी सांगितलं, आली’ एवढंच लिहिलंय, ‘आली’ असं लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

ता. क. २. चार महिने झाले. शब्द दिला तेव्हाच दोन उलटले होते. म्हटलं, चारचौघांत नाव घेतलं की लाजून तरी येईल. वयच आहे म्हणा. घाबरले नाही, कुतूहल आहे. तरी तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंची वेळ घे, आणि बरोबर ये. एकटी गेले तर मी त्यांनाच शिकवत बसेन.

ता. क. ३. शर्यतीनंतर दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या वह्यांत शिडीच्या वहीमध्ये कागदात नीट गुंडाळलेला एक पॅड होता. वर लिहिलेलं, “बाई, खरी येईल तेव्हा.” तो पर्समध्येच ठेवलाय. नाहीच लागला, तर असली वस्तू परत करतात का गं?