वरच्यांची जबाबदारी

१२ जुलै १९९४, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण, त्रिवेणी अपार्टमेंटच्या सेक्रेटरीपदी माझी निवड झाली. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही.
संकल्प: वर्षभरात ही सिल्वासातली आदर्श सोसायटी करायची. बांधकाम खात्यात एकोणीस वर्षं काढलेला सेक्रेटरी मिळायला नशीब लागतं. आवक-जावक विभाग असला म्हणून काय झालं? बांधकामाचा एकेक कागद माझ्या हातावरून जातो.

१५ जुलै, शुक्रवार
पहिली तक्रार. खालच्या फ्लॅटमधला चिंधा पवार वर आला. शिरपूरकडचा, मसाटला फॅक्टरीत मशीनवर असतो. म्हणाला, साहेब, सैपाकघराच्या छतातून पानी गळून राहिलं, तुमची मोरी जरा बघू का? मी म्हणालो, लेखी द्या.
लीलाचं म्हणणं, खाली जाऊन बघून तरी या. बायकोला प्रक्रिया कळत नाही. सेक्रेटरी मी आणि वरचा फ्लॅटही माझाच. मी बघायला गेलो की लोक म्हणणार, कबूल केलं. निःपक्षपातीपणासाठी न बघणंच योग्य.

२२ जुलै, शुक्रवार
लेखी अर्ज आला. चिंधाच्या मुलीने, रोशनीने लिहिलाय. दहावीत आहे. अक्षर चांगलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका. लाल पेनाने दाखवून परत पाठवला. तासाभरात पुन्हा आला. आवक क्रमांक १.
निदान: पावसाचं पाणी, बाहेरच्या भिंतीतून. जबाबदारी: कोणाचीच नाही. तसं कळवलं. जावक क्रमांक १.

१६ ऑगस्ट, मंगळवार
चार दिवस पाऊस नाही. गळती आहे. चिंधा म्हणाला, सकाळी साडेसहाला लई गळतं. ती माझ्या आंघोळीची वेळ. योगायोग.
सुधारित निदान: स्लॅबमध्ये साठलेलं पाणी. आपोआप संपेल. उद्यापासून आंघोळ पाच वाजता. याचा त्याच्याशी संबंध नाही, लवकर उठणं प्रकृतीला चांगलं.

१९ ऑगस्ट, शुक्रवार
गळती आता पाचला होते म्हणे. म्हणजे साठलेलं पाणी सरकतंय. माझं निदान बरोबर निघालं.
चिंधा दारात बराच वेळ उभा होता. मला काही वाटलं नाही. हल्ली असंच होतं, समोरचा उभा असतो आणि आपण त्याच्या शर्टाची बटणं मोजतो.

७ सप्टेंबर, बुधवार
मला न विचारता लीलाने आमच्या मोरीत नीळ ओतली. संध्याकाळी चिंधाच्या बायकोच्या, भिमाबाईच्या, शेगडीवर निळे थेंब. लीलाने येऊन सांगितलं. मी म्हणालो, नीळ काय, घरोघरी वापरतात. तिने भाजी गरम करून वाढली.
अंतिम निदान: आमच्या डोक्यावरचा फ्लॅट. मालक भावेशभाई सुरतेला असतात, इथे वर्षभर कुलूप. आत नळ चालू राहिला असणार आणि पाणी आम्हाला चुकवून भिंतीतून थेट खाली जात असणार. सुरतेला रजिस्टर्ड नोटीस.

२४ सप्टेंबर, शनिवार
भावेशभाई हजर! बायको, आई, तीन बॅगा. माझ्या नोटिशीचा परिणाम. ते म्हणतात, नोटीस मिळालीच नाही, सुरतेत प्लेग आला म्हणून पळालो.
सगळ्या बिल्डिंगने दारं लावून घेतली. लीला नाकाला पदर बांधून त्यांना जेवण देऊन आली आणि येताना त्यांचं बाथरूमही बघून आली. नळ गंजून घट्ट, मोरीत बोटभर धूळ. मी स्पष्ट सांगितलं, साथीच्या काळात केलेली पाहणी ग्राह्य धरता येत नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार
सकाळी सव्वापाच. मी नुकताच आंघोळ करून बाहेर आलो होतो. खाली धाडकन आवाज. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताचं प्लास्टर कोसळलं. भिमाबाई चिंधाचा डबा करत होती. उजव्या खांद्यावर पडलं. चिंधाने तिला उचलून रिक्षात घातलं. लीला आहे त्या साडीत त्यांच्याबरोबर गेली.
मी गॅलरीतून पाहिलं. खाली उतरणार होतो. चपलाही घातल्या. पण अशा वेळी सेक्रेटरी उतरला तर त्याचा अर्थ निघतो. रिक्षा वळल्यावर चपला काढल्या.
ऑफिसला गेलो. एकशे बारा पत्रं जावक केली. सात टाके पडले असं लीलाने संध्याकाळी सांगितलं. हाडालाही मार आहे. काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, एवढं मात्र वाटलं.

११ ऑक्टोबर, मंगळवार
चिंधा आला. भांडणार म्हणून मी उत्तराचं भाषण तयार ठेवलं होतं, मुद्दे क्रमाने. तो म्हणाला, साहेब, मी कोनाला काही म्हनत नाही. पोरीला तुमच्याकडे अभ्यासाला बसू द्या. खाली धुळीत बसवत नाही तिला.
बसू दिलं. भाषण तसंच राहिलं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार
रोशनी माझ्या टेबलावर बसते, मी पत्रं कॉटवर बसून लिहितो. गुडघ्यावर पॅड घेतल्याने अक्षर बिघडतं. लीला तिला मधून मधून चहा देते. मला विचारत नाही.
संकल्प: दिवाळीनंतर पाच जणांची चौकशी समिती. अध्यक्ष मी. चार सदस्य अजून मिळायचे आहेत.

२७ ऑक्टोबर, गुरुवार
जिन्यात रेती सांडलेली. कोणाची ते शोधून नोटीस काढायला हवी. घरात दिवाळीची साफसफाई जोरात दिसते, मोरीतल्या फरश्या अगदी नव्यासारख्या झाल्यात. लीला अजूनही मेहनती आहे, हे मान्य करायला हवं.

९ नोव्हेंबर, बुधवार
महत्त्वाची नोंद. गळती थांबली! जिन्यात रोशनीला विचारलं. म्हणाली, दिवाळीआधीपासून थेंब नाही काका. म्हणजे समितीच्या नुसत्या संकल्पाने काम झालं. समिती नेमलीही नव्हती. कारभार यालाच म्हणतात. रविवारी सर्वसाधारण सभा. अहवाल लिहायला घेतला.

१३ नोव्हेंबर, रविवार
सभा. गच्चीवर सतरंजी टाकली होती. अहवाल वाचला, अकरा पानं. निष्कर्ष: जबाबदारी कोणावरही निश्चित होत नाही, सेक्रेटरींच्या पाठपुराव्यामुळे गळती संपुष्टात.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. आजारी माणसाकडे बघतात तसं. मग भावेशभाई हळूच म्हणाले, पण भास्करभाई, झुंबर मिस्त्रीने तर तुमचंच बाथरूम तोडलं ने?
मी चिंधाकडे पाहिलं. तो सतरंजीकडे बघत म्हणाला, झुंबर आमच्या गावचाच साहेब. मोरीच्या जाळीखाली सांधा फुटला होता. दोन घंट्याचं काम. रेती मीच वर आनली.
कधी? दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी. मी ऑफिसात असताना. बोलावलं लीलाने. सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.
अहवाल बिनविरोध मंजूर झाला. चहा झाला.
घरी आल्यावर लीलाला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही "बरं" म्हणालात. मग ती तांदूळ निवडायला बसली. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. तिने मान वर केली नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार
ऑफिसला गेलो नाही. रजेचा अर्जही पाठवला नाही. अकराच्या सुमारास खाली चिंधाकडे गेलो. चार महिन्यांत पहिल्यांदा. अठरा पायऱ्या आहेत.
भिमाबाईने दार उघडलं. या भाऊ, म्हणाली. चिंधा ड्यूटीवर, रोशनी शाळेत. स्वयंपाकघराच्या दारातून छत बघितलं. नवं प्लास्टर, वर पांढरा चुना. चुना तायनी मारला, ती म्हणाली. ताय म्हणजे लीला. लीला शिडीवर चढली असणार. कधी, मला माहीत नाही.
सांगायचं काय ते जिना उतरताना ठरवलं होतं. तिथे पोहोचल्यावर एकही शब्द आठवेना. मी म्हणालो, छत छान झालंय. ती म्हणाली, हो.
तिने चहा केला. डाव्या हाताने. पातेलं डाव्या हाताने उतरवलं, गाळणी भांड्याला टेकवून ठेवली, थोडा चहा ओट्यावर सांडला. मी बसून होतो. उठून गाळणी धरता आली असती, हे आत्ता लिहिताना सुचतंय.
खांदा दुखतो का, असं विचारलं. ती म्हणाली, दुखत नाही भाऊ. बधिर पडला. दोरीवर कपडे टाकता येत नाहीत, ते रोशनी टाकते शाळेत जायच्या आधी.
मी चहा पीत राहिलो. चांगला होता, आल्याचा. संपला तेव्हा कप कुठे ठेवावा ते कळेना. तिने डावा हात पुढे केला आणि घेतला.