गंगाधरपंतांची गूळतुला

सोलापूर, ५ डिसेंबर २०२४

ती. रुक्मिणीआत्यास सा. न. वि. वि.

तुझ्या फोनवरचं बोलणं भिंतीपलीकडे गंगाधरपंतांना ऐकू जातं, म्हणून पत्र. त्यांची लेक ज्ञानदा बायको म्हणून हवी असेल तर त्यांच्या बोरांच्या शेडमधले आठ वजनकाटे एका कॉम्प्युटरला जोडून दाखव, अशी त्यांनी मला अट घातलीय. मी प्रत्येक काट्याची जागा लक्षात ठेवणारी आठ खाचांची पेटी सुचवली. किंमत ऐकून पंतांनी पाणी मागितलं. मग स्वतःच बाजारातून सगळ्यात स्वस्त आठ सुट्या वायरी आणल्या. लाईट जाऊन आली की या वायरी आपला नंबर विसरतात आणि कुणीही कुणाच्या जागी बसतं; एका काट्याचं वजन दुसऱ्याच्या नावावर दिसतं. तसं सांगितलं, तर म्हणाले की माणूस सवयीने शिकतो, वायरीही शिकतील. जोडून दिल्यात.

आत्या, मला ज्ञानदाच हवी आहे गं. लाईट जाऊ नये म्हणून देवाला साकडं घाल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा अवधूत

मोडनिंब, १९ डिसेंबर

चि. अवधूत यास अनेक आशीर्वाद.

साकडं वाया गेलं. काल पंतांची साठी झाली. त्यांच्या वजनाइतका गूळ गावात वाटायचा होता. तराजूचं भाडं वाचवायला पंत पागोटं बांधून शेडमधल्याच काट्यावर बसले. शेजारच्या काट्यावर किलोमागे मजुरी घेणाऱ्या भीमाची बोरांची करंडी होती. काट्यांवरचे आकडे पंतांनी आधीच चिकटपट्टीने झाकलेत; कॉम्प्युटर असताना दोनदा कशाला बघायचं! तेवढ्यात लाईट गेली नि आली, आणि पंत भरले नऊ किलो.

आम्ही पोट धरधरून हसलो. पंत मात्र गंभीर. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, असं भटजींना ठणकावून त्यांनी नऊ किलोच गूळ वाटला. तुझं तर तोंडभरून कौतुक केलं. पण भीमाने पडद्याचा फोटो काढलाय रे. त्यात त्याची करंडी ब्याऐंशी किलो आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस.
आत्या

सोलापूर, २३ डिसेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचलं नि ताट बाजूला सारलं. खापर माझ्याच डोक्यावर फुटणार. पंतांना पेटीची आठवण कर, नाहीतर माझं लग्न बोरांच्या भावाने जाईल.

तुझ्याच भरवशावर,
अवधूत

मोडनिंब, २८ डिसेंबर

चि. अवधूत यास अनेक आशीर्वाद.

भीमा ब्याऐंशी किलोंचे पैसे मागायला आला. एवढी करंडी एकट्याने उचललीस कशी, असं पंतांनी दरडावलं. त्यावर तो म्हणाला, कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाय हे आपण न्हाय, मालकच म्हणाले की. कॉम्प्युटर खरा तर भीमाचे पैसे द्या, खोटा तर राहिलेला गूळ वाटा! पंत दिवसभर शेडमध्ये येरझारा घालत होते. संध्याकाळी ज्ञानदाने त्यांच्या ताटात नऊ किलोंच्या पोराला पुरेल एवढाच भात वाढला, तेव्हा ते वरमले. वायरी शिकल्या नाहीत, असं कबूल करून त्यांनी उरलेला गूळ वाटला. प्रत्येक खडा देण्याआधी ते दोनदा बघत होते.

आता तुझीच पेटी घेणार आहेत. तिचा खर्च लग्नात धरलाय: जावयाला अंगठीऐवजी ती पेटीच मिळेल, पण राहील शेडमध्ये. मुलगी मात्र घेऊन जा म्हणाले.

मुहूर्त कळवते. सुखी राहा.
आत्या