पंचेचाळीस मिनिटांचा उपन्यास

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

माझी शाळेपासूनची बाकसोबतीण कांता हिला माधवीचा मायेचा नमस्कार, आणि जिनाप्पा भावजींना व घरातल्या सगळ्या थोरामोठ्यांना जय जिनेंद्र.

कॉन्व्हेंटात सिस्टर आपल्याला शिकवायच्या की, पत्रात आधी समोरच्याची तब्येत विचारावी, मग आपली सांगावी, आणि काही काम असेल तर ते अगदी शेवटी, तेही जरा लाजत. तेव्हा आधी तुझा गुडघा कसा आहे ते कळव. भावजी वखारीतून घरी आले की तुला अजून शिंका येतात का? (निपाणीत तंबाखूच्या व्यापाऱ्याशी उभा जन्म संसार केलास आणि तंबाखूला सरावली नाहीस, ह्याचं मला फार कौतुक वाटतं.) माझी तब्येत उत्तम आहे. निवृत्त झाल्यापासून एवढंच होतं की सकाळी दहाच्या सुमाराला कान उगाच घंटेची वाट बघत बसतात. घंटेवरून तुझी आठवण येतेच. शाळेत घंटा तुझ्या ताब्यात होती, आणि गणिताच्या तासाला सिस्टरांची नजर माझ्याकडे वळली की तू पोट दुखतंय म्हणून बाहेर जायचीस आणि तास वेळेआधीच संपायचा. तुझ्या त्या पोटदुखीवर मी दहावी पास झाले.

तुला ठाऊक आहे, कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवलं. म्हणजे पगार त्याचा घेतला. शिकवताना पुस्तक इंग्रजी, समोर बसलेली अर्धी मुलं मराठी आणि अर्धी कानडी, त्यामुळे सार्वभौमत्व ही कल्पना मी एकाच तासात तीन भाषांत समजावून सांगायची आणि घंटा होईपर्यंत ती माझ्याही डोक्यातून निघून जायची. मग प्राचार्य निवृत्त झाले आणि नवे येईपर्यंत त्यांच्या खुर्चीत मला बसवलं. त्या खुर्चीत बसून मी एकच मोठी गोष्ट केली. दर्जा तपासणारी समिती येणार म्हणून शेजारच्या मंगल कार्यालयातून कुंड्या उसन्या आणल्या. समिती जेवायला बसली असताना वधूपक्षाची माणसं बँडवाल्यांसकट कुंड्या न्यायला आली, कारण मुहूर्त जवळ आला होता. समितीच्या अध्यक्षांना तो आमचा सांस्कृतिक कार्यक्रम वाटला. त्यांनी ताट बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या, आणि अहवालात 'लोकपरंपरेशी जिवंत नातं' असं लिहून गेले. तेवढ्या एका वाक्यावर आम्हाला बरी श्रेणी मिळाली. (कुंड्या मात्र दोन फुटल्या.)

राहिलं संशोधन. खरं दुखणं तिथलंच आहे, म्हणून हे पत्र. कणकुंबीच्या वाटेवर एक गाव आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी पत्रं तुझ्याआधी तुझ्या सुना वाचतात. बऱ्याच वर्षांपूर्वी, ग्रामपंचायतींत बायका नुकत्याच निवडून यायला लागल्या होत्या तेव्हा, मी त्यांचा अभ्यास करायला तिथे जात असे. पायाला जळवा, डोक्यावर छत्री आणि हातात प्रश्नावली. पहिलाच प्रश्न होता, 'आपल्याला निर्णयप्रक्रियेत सहभाग मिळतो का?' पंचायतीच्या अध्यक्षा अक्काताईंनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "त्यो कुठं मिळतोय बाई? रेशनला काय?" मी प्रश्नावली पिशवीत घातली आणि त्यांच्या चुलीपाशी बसले. मीटिंगला गेलात की भाकऱ्या कोण करतं, घरी आल्यावर कोण काय बोलतं, असं विचारत राहिले. असं कळलं की मीटिंगला अध्यक्षांच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसायचे, आणि अक्काताई दाराजवळच्या बाकावर. एकदा यजमान तंबाखू थुंकायला बाहेर गेले, तेवढ्यात ह्या उठल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या. यजमान आत आले, जरा वेळ उभे राहिले, आणि बाकावर जाऊन बसले. त्या दिवसापासून ते बाकावरच. ही हकीकत सांगताना त्या इतक्या हसत होत्या की तव्यावरची भाकरी करपली. मी ती करपलेली भाकरी खाल्ली, घरी आले आणि इंग्रजीत निबंध लिहिला. त्यात ह्या सगळ्याचं 'काही ठिकाणी भूमिकेचा क्रमशः स्वीकार आढळला' एवढंच उरलं. तो निबंध तिघांनी वाचला. त्यांतले दोघे तपासनीस होते.

आता ह्या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं. (आपल्या भागात गाव लहान असलं तरी संमेलन असतंच, मांडव मात्र मोठा हवा.) त्याचे सेक्रेटरी परशराम पाटील. मिलिटरीतून निवृत्त, मिशी अजून नोकरीत. त्यांचं शिक्षण मराठीत झालं. नोकरी गेली उत्तरेत, तिथे स्टेशनावरच्या खुनाबिनाच्या हिंदी कादंबऱ्या वाचून दिवस काढले. आणि गावी परतल्यावर सरकारी नोटिसा कळाव्यात म्हणून त्यांनी कानडी अक्षरं शिकून घेतली. ह्या तीन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या आणि माझा घात झाला. झालं असं की मी निवृत्त झाले तेव्हा एका कानडी पेपरात चार ओळींची बातमी आली, की राज्यशास्त्राच्या उपन्यासकी माधवी यांनी आजवर अनेक ठिकाणी विशेष उपन्यास दिले. कानडीत उपन्यास म्हणजे व्याख्यान, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आमच्या ऑफिसात तर सगळे उपन्यासच म्हणायचे, मीसुद्धा. पण हिंदीत उपन्यास म्हणजे कादंबरी. परशरामांनी बातमी कानडी अक्षरांत वाचली, हिंदीत समजून घेतली, आणि मला मराठीत फोन केला.

"मॅडम, उपन्यास एकंदर किती झाले म्हणायचे?" मी म्हटलं, मोजले नाहीत हो, पण शंभराच्या वर असतील. पलीकडून लगेच, "सगळे छापून आलेत?" मी हसून म्हटलं, "छे, उपन्यास कुठे कोण छापतं? माझे सगळे तोंडीच." "तोंडी? न बघता?" "सवयीने होतं. समोर चिठ्ठी असली म्हणजे झालं." "आनी एकेकाला टाइम किती लागतोय?" मी सांगितलं, "पंचेचाळीस मिनिटं. घंटा वाजली की जिथे असेल तिथे संपवायचा." कांता, मी अगदी खरं तेच सांगत होते. पण पलीकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं असेल, ह्याचा विचार कर. त्यांनी त्याच दिवशी कमिटी बोलावली आणि मला बिनविरोध संमेलनाध्यक्ष केलं.

मला वाटलं, व्याख्यानाला बोलावताहेत. मी हो म्हटलं. मग गेल्या आठवड्यात कमिटी शाल-नारळ घेऊन घरी आली. मी खडेबाजारातून कुंदा आणून ठेवला होता. परशराम कुंदा खाता खाता म्हणाले की, मांडवाच्या दाराशी तुमच्या कादंबऱ्यांचा स्टॉल टाकतोय, तेवढी पुस्तकं द्या. कुठल्या कादंबऱ्या, असं विचारायला मी तोंड उघडलं, आणि माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथे अक्काताई बसल्या होत्या. केस सगळे पांढरे, पण हसणं तेच. कमिटीत माझं नाव त्यांनीच जोर लावून धरलं होतं. त्या म्हणाल्या, "मी तवाच वळखलं हुतं. बाई भाकरीचं इचारत्यात, मालकाचं इचारत्यात, इतकं खोदून कोन इचारतंय? कादंबरीवालेच की. म्हनलं, ह्या आमच्यावर लिवनार." मग जरा पुढे सरकून हळूच, "माझं नाव बदललाय काय, का हाय तेच ठेवलाय? आनी शेवटाला मी खुर्चीतच हाय न्हवं?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "चहा आणते." स्वयंपाकघरात मी आधण उतू जाईस्तोवर उभी राहिले. खरं सांगावं तर परशरामांची गावात वर्षभर टिंगल होणार, आणि अक्काताईंनी तीन गावांत सांगून ठेवलंय की आपण कादंबरीत आहोत, त्यांचं काय? न सांगावं, तर शंभर कादंबऱ्यांची लेखिका म्हणून मी कुठल्या तोंडाने त्या खुर्चीत बसू? (खुर्चीत भलत्याच माणसाने बसण्याबद्दल तर माझा अख्खा निबंध होता.) संमेलन येत्या रविवारी आहे. तू शहाणी आहेस, म्हणून तुझा सल्ला विचारते. बाकी काही नाही. गुडघ्याला जप, आणि कुंदा पाठवते तो सुनांच्या आधी स्वतः खा.

तुझी,
माधवी

ता. क. : सल्ल्याची तशी घाई नाही, कारण मी काल परशरामांना फोन करून सगळं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे उपन्यास म्हंजे निस्तं लेक्चर?" मी हो म्हटलं. "बरं झालं मॅडम, मी म्हनतच हुतो, पंचेचाळीस मिन्टात खुनी सापडायचा कसा." मग सुस्कारा सोडून त्यांनी विचारलं, "तुमच्या वळखीची एखादी खरी कादंबरीवाली हाय काय?"

ता. क. दोन : कांता, रागावू नकोस. तुझ्या दोन्ही कादंबऱ्या माझ्या कपाटात पुढच्या रांगेत आहेत, राज्यशास्त्र त्यांच्या मागे. दुसरी आल्यावर कोणी चार शब्द बोललं नाही म्हणून तू लिहिणं सोडलंस, आणि कोणी विचारलं तर 'मी कुठं काय लिहिते' म्हणतेस. ते मला गेली दहा वर्षं आवडलेलं नाही. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावावर तुझ्या नावाची चिठ्ठी डकवायचं काम कालपासूनच चालू आहे. अध्यक्षा तू, आणि उद्घाटनाचं व्याख्यान माझं. परशराम म्हणतात, नाव तेवढं बदललं, बाकी उपन्यास दोन्ही अर्थांनी झाला. गाडी रविवारी सकाळी तुझ्या दारात येईल. (फोन केला असता तर तू पहिल्या वाक्यालाच नको म्हणून ठेवून दिला असतास. पत्र मध्येच ठेवता येत नाही.)

ता. क. तीन : अक्काताईंनाही खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग निपानीच्या बाई तरी लिवतील काय?" मी तुझ्या वतीने हो म्हटलंय. त्या दिवसभर तुझ्या शेजारी बसणार आहेत, तेव्हा चष्मा आणि पेन आण.

ता. क. चार : त्या खुर्चीची गोष्ट मी पहिल्यांदाच मराठीत सांगणार आहे, त्यांच्यासमोर, भाकरीसकट. टेबलावर अध्यक्षांसाठी घंटा ठेवली आहे. मी तुला ओळखते. माझा आवाज जरा कापला की तुझं पोट दुखायला लागेल. ह्या वेळी मात्र माझी पंचेचाळीस मिनिटं पुरी होऊ दे.